वाचक विचारतात : न्यायालय न दिसणारा न्यायालयीन चित्रपट

गेल्या अंकात या सदरात टोनी गिलरॉय लिखित आणि दिग्दर्शित ‘मायकेल क्लेटन’ (२००७) या अमेरिकी चित्रपटाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक तक्रारीची आहेत, आणि त्या तक्रारींना उत्तर देणे मला कौतुकाच्या पत्रांपेक्षा अधिक आवडेल. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. मात्र पुढील उत्तरांत शेवटही उघड होणार आहे. यू-नॉर्थ या काल्पनिक कृषिरसायन कंपनीच्या तणनाशकामुळे आजारी पडलेल्या शेतकरी कुटुंबांनी कंपनीविरुद्ध तीन अब्ज डॉलरचा सामूहिक दावा लावलेला आहे. कंपनीची बाजू सहा वर्षे लढवणारा ज्येष्ठ वकील आर्थर इडन्स (टॉम विल्किन्सन) ऐन वेळी बिथरतो आणि कंपनीने दडपलेला एक अहवाल उघड करायला निघतो. त्याला आवरण्यासाठी त्याच्याच पेढीतील मायकेल क्लेटन (जॉर्ज क्लूनी) याला पाठवले जाते. मायकेल वकील आहे, पण वकिली करत नाही; बड्या अशिलांच्या भानगडी गुपचूप निस्तरणे हे त्याचे काम आहे.

‘वकिलांचा चित्रपट म्हणून पाहायला बसलो, तर दोन तासांत न्यायालयाचा एकही प्रसंग नाही. ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय?’ (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

पहिल्या वेळी मीही न्यायालयाची वाट पाहत बसलो होतो, हे आधीच कबूल करतो. साक्षीदाराचा पिंजरा, उलटतपासणीत फुटणारा साक्षीदार आणि शेवटच्या क्षणी सादर होणारा पुरावा यांवर आपली नजर इतकी पोसलेली आहे की तेवढे नसले तर कायद्याचे काही घडलेच नाही असे वाटते. परंतु मोठ्या कंपन्यांविरुद्धचे नुकसानभरपाईचे दावे अमेरिकेत बहुतेक वेळा निकालापर्यंत जातच नाहीत. न्यायालयाबाहेर, वकिलांच्या बैठकीच्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर शपथेवर जबान्या घेतल्या जातात, कागदपत्रांची पेटारेच्या पेटारे देवाणघेवाण होते, वर्षे लोटतात आणि थकलेल्या वादींपुढे तडजोडीचा आकडा ठेवला जातो. मिलवॉकी येथे अशाच एका जबानीच्या वेळी आर्थर भर खोलीत अंगावरचे कपडे उतरवू लागतो आणि तेथूनच कथेला कलाटणी मिळते. शेवटचा सामनाही संचालक मंडळाच्या बैठकीबाहेरच्या मोकळ्या जागेत होतो. आत कंपनीची विधी विभागप्रमुख कॅरन क्राउडर नुकताच तडजोडीचा प्रस्ताव मांडून बाहेर आलेली असते. कंपनी दोषी आहे की नाही हे कोणत्याही न्यायाधीशाने ठरवण्यापूर्वीच प्रकरण मिटावे, एवढ्यासाठीच ही सारी धावपळ आहे. तेव्हा न्यायालय दाखवले असते, तर फसवणूक झाली असती ती त्यामुळे.

‘कॅरन क्राउडर ही खलनायिका आहे की बळी? आमच्या घरी यावरून दोन तट पडले आहेत.’ (खासगी कंपनीत कंपनी सचिव असलेल्या एक वाचक, ठाणे)

या प्रश्नावर सर्वाधिक पत्रे आली, आणि आपले पत्र त्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटले, कारण आपण लिहिले आहे की कॅरनला पाहताना आपल्याला स्वतःच्या सादरीकरणांच्या आदल्या रात्री आठवल्या. टिल्डा स्विंटन यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. चित्रपटाला एकूण सात नामांकने होती आणि त्यांपैकी पारितोषिक मिळाले ते एवढेच.

आपल्या घरातील दोन्ही तटांना मी एकाच प्रसंगाकडे पुन्हा पाहण्याची विनंती करीन. मुलाखतीत द्यायचे उत्तर कॅरन हॉटेलच्या खोलीत, आरशासमोर, अर्धवट कपड्यांत घोकते. तेच वाक्य ती दोनतीनदा म्हणते, एखादा शब्द बदलते, ओठांवर हसू ठेवून पाहते. आणि मध्येच आपल्याला प्रत्यक्ष मुलाखतीत तेच वाक्य सहज सुचल्यासारखे म्हणणारी कॅरन दिसते. पलंगावर दुसऱ्या दिवशीचे कपडे ओळीने मांडून ठेवलेले असतात. आणखी एका प्रसंगी ती प्रसाधनगृहात दार लावून बसलेली आहे आणि काखेतल्या घामाने तिचा सदरा भिजला आहे, एवढेच दिग्दर्शक दाखवतो. क्रूर बाईला एवढा घाम येत नाही, असे आपल्या यजमानांचे म्हणणे असल्याचे आपण लिहिले आहे. ते मला अर्धेच मान्य आहे.

उरलेला अर्धा भाग रस्त्यावरच्या संभाषणात आहे. आर्थरचे काय करायचे याविषयी ती भाडोत्री माणसाशी बोलते, पण ‘मारा’ हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारत नाही. ती केवळ ‘ठीक आहे’ एवढेच म्हणते, आणि त्या माणसाला विचारावे लागते की हे ‘ठीक आहे’ म्हणजे समजले, की करून टाका. कंपन्यांच्या पत्रव्यवहारात ज्यांची हयात गेली आहे, त्यांना हे मराठी चांगले ठाऊक आहे : ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. आदेश तर गेला पाहिजे, पण तो कोणी दिला हे कागदावर दिसता कामा नये. कॅरन घाबरलेली आहे, तिच्यावर दडपण आहे, हे सर्व खरे; तरीही त्या फुटपाथवर तिला ‘नाही’ म्हणता येत होते आणि त्या क्षणी तिचा हात कोणी धरलेला नव्हता. म्हणून मी तिला बळी म्हणणार नाही. परंतु कर्करोगाचा धोका सांगणारा जो अंतर्गत अहवाल दडपला गेला, त्यावर सही आहे ती तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची. शेवटी गुडघ्यांवर कोसळते ती कॅरन, आणि अहवालावर सही करणारा तेव्हा शेजारीच उभा असतो, ही गोष्ट आपल्या दोन्ही तटांनी चर्चेतून वगळलेली दिसते.

‘आर्थर स्वतःला “शिव, मृत्यूचा देव” म्हणवतो आणि शेवटी मायकेलही तेच म्हणतो. आमच्या दैवताचे हे चुकीचे चित्रण नव्हे काय?’ (एक वाचक, कोल्हापूर)

अर्थाच्या दृष्टीने आपली हरकत योग्य आहे. मृत्यूचा देव यम. शिव संहाराचा देव आहे आणि आपल्या परंपरेत तर तो मृत्युंजय आहे. मार्कंडेयाला यमाच्या पाशातून सोडवणारा तोच, आणि ज्या त्र्यंबकाची आपण महामृत्युंजय मंत्रात प्रार्थना करतो त्याचे स्थान नाशिकजवळच आहे. मात्र हे वाक्य प्रथम उच्चारणारा मनुष्य मनोविकारावरील औषधे बंद करून बसलेला आहे आणि आयुष्याचा बारा टक्के भाग आपण एका विषाची अब्रू राखण्यात घालवला असा हिशेब करतो आहे. त्याच्याकडून पुराणांच्या अचूकतेची अपेक्षा मी करणार नाही. मायकेल ते वाक्य पुन्हा उच्चारतो तेव्हा आर्थरचा खून होऊन गेलेला असतो. त्याच्या तोंडी ते मेलेल्या मित्राचे शब्द आहेत. देवाविषयी त्यात काही विधान आहे असे मला वाटत नाही.

‘टेकडीवरील तीन घोड्यांचा अर्थ काय?’ (तीन पत्रे)

मायकेल गाडीतून उतरून पहाटेच्या उजेडात घोड्यांपाशी जातो आणि मागे गाडीचा स्फोट होतो. त्याच्या मुलाने जे पुस्तक आर्थरला वाचायला सांगितले होते, त्यातील चित्र मायकेलने पाहिलेले असते, एवढा धागा चित्रपटात आहे. याहून खोल अर्थ काढणाऱ्यांना माझा विरोध नाही.

‘आर्थर कंपनीचाच वकील होता. अशिलाचे गुपित फोडण्याचा त्याला अधिकार होता काय? आपल्याकडे काय झाले असते?’ (विधी शाखेचा विद्यार्थी, पुणे)

अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राहते. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ही तरतूद आहे. तिला दोन अपवाद आहेत : बेकायदेशीर हेतू पुढे नेण्यासाठी केलेला संवाद, आणि वकिलाने काम हाती घेतल्यानंतर घडलेला व त्याच्या नजरेस आलेला गुन्हा किंवा कपट. ‘काम हाती घेतल्यानंतर’ या शब्दांवर आपण नीट लक्ष द्यावे. तणनाशकाविषयीचा अहवाल दाव्याच्या आधीचा आहे. परंतु दावा चालू असताना तो दडवून ठेवणे ही चालू असलेली गोष्ट आहे. शिवाय कंपनीच्या संशोधनाचा अहवाल हा मुळात वकिलाशी झालेला संवाद नसतो; तो वकिलाच्या कपाटात ठेवल्याने गुपित होत नाही. कॅरनचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला आपल्याकडे वकिली करता येत नाही. परीक्षेत यावर प्रश्न आला तर माझे नाव सांगू नये.

‘हे सर्व अमेरिकेत ठीक आहे. आमच्याकडे फवारणीने माणसे मेली तेव्हा असा दावा कोठे उभा राहिला?’ (एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा)

२०१७ च्या खरीप हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. चित्रपटातील विष वर्षानुवर्षे हळूहळू शरीरात जाते. आपल्याकडे माणूस दुपारी फवारणी करून आला आणि रात्री रुग्णालयात पोहोचला. हा फरक केवळ वेळेचा नाही. हळूहळू होणाऱ्या आजारात कंपनी कारणाबद्दल वाद घालते. तत्काळ होणाऱ्या विषबाधेत ती म्हणते की हातमोजे घातले नाहीत, औषधे मिसळली, वारा पाहिला नाही. मृतांपैकी काहींच्या कुटुंबीयांना पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे, म्हणजे सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीचे मुख्यालय आहे तेथे, दाद मागावी लागली.

प्रतिनिधिक दाव्याची तरतूद आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे (आदेश १, नियम ८), परंतु अनेक जखमींच्या वतीने मोठी भरपाई मागण्यासाठी तिचा वापर क्वचितच होतो. आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण भोपाळचे, आणि ते वाचताना मला या चित्रपटातील अहवाल आठवतो. वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री झाली. परंतु मे १९८२ मध्येच युनियन कार्बाइड कंपनीच्या अमेरिकेतून आलेल्या तपासणी पथकाने भोपाळच्या कारखान्यातील धोके लिहून ठेवले होते. १९८५ मध्ये कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने प्रकरण भारतात पाठवले. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, जेव्हा मागणी तीन अब्जांहून अधिक होती. ती रक्कम वाढवून मागणारी सरकारची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. तेव्हा दावा उभा राहिला नाही असे नाही; उभा राहिला, आणि चित्रपटातल्याप्रमाणेच तडजोडीच्या टेबलावर जाऊन बसला. फवारणीच्या बाबतीत तेवढेही झाले नाही, हे आपले म्हणणे मला मान्य करावे लागते.

‘शेवटी मायकेल टॅक्सीत बसतो आणि नुसता बसून राहतो. आमच्याकडील प्रतीत काही भाग कापला गेला आहे काय?’ (एक वाचक, बेळगाव)

कापलेले काही नाही. पन्नास डॉलरचे भाडे होईल इतके फिरव, असे तो चालकाला सांगतो आणि श्रेयनामावली त्याच्या चेहऱ्यावरून सरकत राहते. हिंदी चित्रपटाच्या सवयीने नावे सुरू होताच आपण उठला असाल. पुढच्या वेळी बसून राहावे. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नसते, मग किंचित हसू येते असे वाटते आणि ते नेमके आले की नाही हे मला अजूनही सांगता येत नाही.