‘कुकीज स्वीकारा’ असं प्रत्येक साइट विचारते. नाही म्हटलं तर साइट चालेल का? आणि आधी ‘हो’ म्हणून बसलो असेन तर आता काय करायचं?

कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण. ‘रिजेक्ट’चं बटण दिसत असेल तर तेच दाबा, साइट चालते. जाहिरातीच्या कुकीज नाकारल्या म्हणून जी साइट उघडतच नाही, तिच्यावर थांबण्याइतकं तिथे बहुतेक वेळा काही नसतं. आधी दिलेला होकार मागे कसा घ्यायचा ते खाली लिहिते. त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण हा प्रश्न वाचल्यावर मला आमच्या गावच्या ग्रंथालयाची बैठक आठवली आणि त्या बैठकीत मी जे बोलले ते आजही तितक्याच ठामपणे बोलेन.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. गाव तालुक्याचं. तिथलं ग्रंथालय ‘ब’ वर्गाचं, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता असलेलं. मी शाळेत असताना तिथल्या बालविभागात वाढले. त्या ग्रंथालयाची साइट करायचं ठरलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पुस्तकांची यादी घरबसल्या शोधता येणार, सभासदाला लॉगिन करून पुस्तक राखून ठेवता येणार. काम माझ्या मामेभावाच्या ओळखीतल्या एका एजन्सीला मिळालं. दादा कार्यकारिणीवर आहे आणि ग्रंथालयासाठी खूप धावपळ करतो, हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याशी भांडले आहे.

साइट दिसायला नेटकी झाली. खाली पट्टी होती: ‘तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून आम्ही कुकीज वापरतो.’ आणि बटण एकच, ‘ठीक आहे’.

एकच बटण असेल तर ती परवानगी नाही, ती सूचना आहे. मी सवयीने ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली, पान पडद्यामागे काय करतं ते त्यात दिसतं. पट्टीला हातही लावला नव्हता, तरी कुकीज ठेवून झाल्या होत्या. त्यातली ग्रंथालयाची स्वतःची एकच, लॉगिन लक्षात ठेवणारी. बाकी सगळ्या बाहेरच्या: भेटी मोजणाऱ्या कंपनीची, एका समाजमाध्यम कंपनीच्या पिक्सेलची (पानात दडवलेला, माग काढणारा छोटा कोड), चॅटच्या खिडकीची, मुखपृष्ठावर चिकटवलेल्या उद्घाटनाच्या व्हिडिओची.

इथवर मी फक्त वैतागले होते. मग पानातून कुठे काय जातं ते दाखवणाऱ्या नेटवर्कच्या टॅबवर गेले आणि ग्रंथालयाच्या शोधचौकटीत ‘नैराश्य’ हा शब्द टाकून पाहिला. शोधाचं पान उघडलं, त्याच क्षणी समाजमाध्यमाचा पिक्सेल आपल्या कंपनीकडे पानाचा पूर्ण पत्ता पाठवून मोकळा झाला. पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे माझा शब्द होता. देवनागरी शब्द तिथे टक्क्याची चिन्हं, अक्षरं आणि आकड्यांच्या रांगेसारखा दिसतो, पण ती रांग उलगडली की ‘नैराश्य’ जसंच्या तसं. मी त्याच ब्राउझरमध्ये त्या समाजमाध्यमावर लॉगिन केलेलं होतं, त्यामुळे विनंतीबरोबर त्या कंपनीची स्वतःची कुकीही गेली. म्हणजे शब्द कोणता आणि तो शोधणारी कोण, दोन्ही एकाच पाकिटात.

पुन्हा वेगवेगळे शब्द टाकले: घटस्फोटाचा कायदा, व्यसनमुक्ती, वंध्यत्व. सगळे गेले. तालुक्याच्या गावात बाई हे विषय काउंटरवर मोठ्याने विचारत नाही, साइटवर शोधते. साइट हवीच होती ती त्यासाठी.

कुकी वाईट नसते. सर्व्हर, म्हणजे साइट जिथे असते तो संगणक, प्रत्येक विनंतीनंतर तुम्हाला विसरतो, म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू मोंटुली यांनी ही सोय केली. खरेदीची टोपली लक्षात ठेवणं हा तेव्हाचा मुख्य उपयोग. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्ला तसा हा प्रकार: बिल्ला दाखवा, चप्पल घ्या. अडचण तेव्हा होते जेव्हा गावोगावच्या प्रत्येक देवळाबाहेर एकच माणूस बिल्ले वाटतो आणि तुम्ही कुठे कुठे गेलात याची वही ठेवतो. हा धोका काही उशिरा कळलेला नाही. १९९७ च्या कुकीच्या पहिल्या औपचारिक मानकातच लिहिलं होतं की तुम्ही ज्या साइटवर गेलाच नाहीत तिच्या कुकीज ब्राउझरने आपणहून चालू देऊ नयेत. मोठ्या ब्राउझरांनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही आणि जाहिरातीचा एवढा धंदा त्याच दुर्लक्षावर उभा राहिला.

मी दादाला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य होतं, “सगळ्याच साइटवर असतं गं ते.” दुसरं, “आपल्याकडे लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?” हे दुसरं वाक्य मला सहन होत नाही. आमच्या लहानपणी देवघेव विभागात ज्या ग्रंथपाल बाई होत्या, त्यांच्यासमोर एकदा एक गृहस्थ येऊन उभे राहिले. सून कोणती पुस्तकं नेते ते त्यांना बघायचं होतं. बाईंनी रजिस्टर मिटलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ज्याचं कार्ड असेल त्यालाच सांगते.” गृहस्थ कार्यकारिणीतल्या कुणाच्या तरी नात्यातले होते, आवाज चढला, अध्यक्षांचं नाव निघालं. बाईंनी हात उचलला नाही. मी आणि दादा दोघेही तिथे बालविभागाच्या बाकावर बसलो होतो, त्यानेही ते पाहिलंय. त्या सुनेकडे लपवण्यासारखं काय होतं? काही नसेलही. प्रश्न तिच्याकडे काय होतं हा नव्हताच, विचारणाऱ्याला अधिकार काय हा होता.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी हेच मांडलं. लॅपटॉप लावून सगळ्यांसमोर शोध घेतला आणि शब्द बाहेर जाताना दाखवला. एजन्सीचा माणूस म्हणाला, हे काढलं तर किती लोक आले ते कळणार नाही. कार्यवाहांना वार्षिक अहवालासाठी तो आकडा हवा होता, त्यामुळे सगळे त्याच्याकडे झुकले. पण कोणतं पान किती वेळा मागितलं गेलं हे सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, असतंच, त्यासाठी वाचकाच्या फोनमध्ये कुणाची खूण ठेवावी लागत नाही. मग तो म्हणाला, पिक्सेल नसेल तर जाहिरात करता येणार नाही. मी विचारलं, ग्रंथालय कसली जाहिरात करतंय? यावर उत्तर आलं नाही. पिक्सेल त्यांच्या प्रत्येक साइटच्या साच्यात आधीपासून असायचा आणि इथेही आला होता, एवढंच कारण होतं.

ठराव झाला. पिक्सेल गेला, मोजणी गेली, चॅट गेलं. व्हिडिओच्या जागी चित्र आणि त्याखाली दुवा आला. शोधाचा शब्द पत्त्यात दिसू नये आणि आमच्या स्वतःच्या लॉगमध्येही साठू नये अशी व्यवस्था करून घेतली. उरली लॉगिनची एक कुकी, ब्राउझर बंद केला की जाणारी. आणि म्हणून ती पट्टीही काढली. दादा म्हणाला, पट्टी नसेल तर साइट बेकायदेशीर ठरेल. उलट आहे. ज्या युरोपच्या कायद्यांमुळे ह्या पट्ट्या जगभर पसरल्या, त्यातही सेवेसाठी अत्यावश्यक असलेल्या कुकीला परवानगी लागत नाही. पट्टी दिसते याचा अर्थ बहुतेक वेळा अत्यावश्यकपेक्षा जास्त काहीतरी चाललंय. आमच्या ग्रंथालयाच्या साइटवर पट्टी नाही, याचा मला अभिमान आहे.

पट्ट्या त्रासदायक आहेत म्हणून लोक कायद्याला शिव्या देतात, तेही चूक. कायदा त्रास द्यायला सांगत नाही. युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट-४९ या जर्मन कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, कारण होकार एका क्लिकवर होता आणि नकाराला अनेक क्लिक लागत होते. त्यानंतर गूगलने युरोपात ‘सगळं नाकारा’ असं बटण दिलं. म्हणजे देता येत होतं. तुमच्यासमोर जेव्हा ‘अ‍ॅक्सेप्ट’ रंगीत आणि नकार तीन पानं आत दडलेला असतो, तेव्हा कुणीतरी बसून तसं ठरवलेलं असतं.

आता तुमचं काम. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग थर्ड-पार्टी कुकीज (म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या), आणि तिथे ब्लॉक. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या साइट सेटिंग्जमध्ये थर्ड-पार्टी कुकीज सापडतील. हे एवढं एकदा केलं की पट्टीवर चुकून ‘हो’ दाबलं तरी नुकसान बरंच कमी होतं. सफारीने बाहेरच्या कुकीज मार्च २०२० पासून आपणहून बंद केल्या आहेत. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो, एकीची खूण दुसरीकडे चालत नाही. गूगलने २०२० मध्ये क्रोममधल्या बाहेरच्या कुकीज दोन वर्षांत बंद करू असं सांगितलं, मग मुदत पुढे ढकलत राहिले आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडला. म्हणून क्रोममध्ये हे हाताने करावं लागतं, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या फोनवर क्रोमच असतो.

आधी दिलेला होकार मागे घ्यायचा तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर दाबा, त्या साइटच्या कुकीज आणि डेटा पुसा, पान पुन्हा उघडा. पट्टी परत येईल, तेव्हा नाकारा. न पुसलेली कुकी क्रोममध्ये जास्तीत जास्त ४०० दिवस राहू शकते, आणि तुम्ही साइटवर जात राहिलात तर ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते. आपोआप जाईल म्हणून वाट बघू नका.

काही गोष्टी राहिल्या. सरसकट सगळ्या कुकीज पुसल्या तर सगळीकडून लॉगआउट व्हाल आणि बँक नवीन उपकरण समजून पुन्हा पडताळणी मागेल. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर त्यांना न विचारता असं करू नका, पासवर्ड लक्षात नसतात आणि दिवसभर घालमेल होते. बाहेरच्या कुकीज बंद केल्यावर एखाद्या साइटचं पेमेंट किंवा लॉगिन अडलं तर तेवढ्या साइटपुरती सूट द्या. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की कुकीज जातात, पण तुमचा इंटरनेट पुरवठादार तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते पाहू शकतोच. फोनमधल्या अ‍ॅपना हे सगळं लागू नाही, तिथे जाहिरातीचा ओळख क्रमांक वेगळा असतो. अँड्रॉइडमध्ये गूगलच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅड्स या भागात जाऊन तो पुसता येतो. आणि स्क्रीनचा आकार, फॉन्ट, उपकरणाचे बारीकसारीक तपशील जुळवून कुकीशिवायही माणूस ओळखायचे प्रकार आहेत. त्यावर सेटिंग्जमधला हा बदल पुरा पडत नाही.

दादाचा शेवटचा मुद्दा असा असतो की हे सगळं युरोपचं, आपल्याला काय. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं हवं, असं त्यात लिहिलं आहे. संमती मागणारी सूचना मराठीतही वाचायला मिळायला हवी. आणि अठराच्या आतल्या मुलांचा माग काढायला, त्यांच्यावर नेम धरून जाहिरात करायला, काही ठरावीक सवलती वगळता, मनाई आहे. आमच्या त्या साइटवर बालविभागाचं पान होतं आणि त्या पानावरही तोच पिक्सेल होता.

तुमच्या गावच्या शाळेची, पतसंस्थेची, वाचनालयाची साइट असेल तर तिच्यावर बाहेरच्या कोणत्या कंपन्यांचा कोड आहे, कशासाठी आहे आणि त्यांच्याकडे काय जातं, हे लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर ‘एजन्सीला विचारा’ एवढंच उत्तर मिळतं. दादा आता पतसंस्थेची साइट करून घेतोय, त्याच एजन्सीकडून. त्याला मी सांगितलंय की करारातच ओळ घाल, समितीच्या लेखी मंजुरीशिवाय बाहेरचा एकही कोड साइटवर टाकायचा नाही. त्याने अजून हो म्हटलेलं नाही.