अमेरिकेच्या दारूबंदीत (1920 ते 1933) मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटचंच नाव सारखं का येतं?

कारण नदी. डेट्रॉइट नदीचं पात्र जेमतेम मैलभर रुंद आणि पलीकडच्या काठावर कॅनडाचं विंडसर, तिथे हायरम वॉकरची मोठी डिस्टिलरी, आणि ऑन्टारियोत (विंडसरचा प्रांत) दारू विकायला बंदी असली तरी बनवून बाहेर पाठवायला परवानगी होती, मग काय, कागदावर माल क्युबाला निघायचा आणि होडी तासाभरात डेट्रॉइटला रिकामी होऊन परत. हिवाळ्यात नदी गोठली की लोक सरळ बर्फावरून गाड्या घालायचे, बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून दारं उघडी ठेवून.

दुसरी बाजू कारखान्यांची. इथला मोटार कारखानदार हेन्री फोर्ड कट्टर दारूबंदीवाला, 1914 ला रोज 5 डॉलर पगार दिला पण कामगार पितो का हे बघायला घरी माणसं पाठवायचा, हे मला तरी फार चुकीचं वाटतं. मिशिगनने तर देशाच्या आधीच, 1916 ला बंदीच्या बाजूने मतदान केलं होतं. स्ट्रोजसारख्या बिअर कंपनीने आईस्क्रीम विकून दिवस काढले, दारूची तस्करी करणारी डेट्रॉइटची पर्पल गँग मात्र गब्बर झाली. आणि 1933 ला बंदी उठवायला सगळ्या राज्यांत पहिली मंजुरी दिली तीही मिशिगननेच.