म्हादईच्या घळीत उतरण्याआधी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण खानापूर तालुक्यातल्या म्हादईच्या घळीत उतरायचं म्हणतोय. नदी धरून खाली गोव्यात सत्तरीपर्यंत चालत जाता येईल का? परवानगी कुणाची घ्यायची? गवाळीत ओळखीचे आहेत, त्यांच्याकडं पावणे म्हणून गेलो तर चालेल का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

नदी धरून सत्तरीत उतरायचा बेत सोडून द्या. घळीचा वरचा भाग भीमगड वन्यजीव अभयारण्यात येतो. ते 2011 साली घोषित झालं, क्षेत्र साधारण 190 चौरस किलोमीटर. राज्याची हद्द ओलांडली की गोव्याचं म्हादई अभयारण्य लागतं, ते 1999 सालचं. दोन राज्यं, दोन वनखाती, परवानग्याही दोन. शिवाय मधल्या टप्प्यात पात्रातून दिवसाउजेडी बाहेर पडायला धड वाट नाही. एकाच गावातून उतरून त्याच गावी परत चढा.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं कलम 27 अभयारण्यात कुणी जायचं ते ठरवतं. तिथं ज्यांची जमीन-घर आहे, जे राहतात, जे सार्वजनिक रस्त्यानं नुसते जातात, त्यांना मोकळीक आहे. पाव्हण्याला नाही. गवाळी, पास्टोली, कृष्णापूर, देगाव इथल्या माणसांचा हक्क तुमच्याकडं येत नाही, आणि पकडले गेलात तर मान त्यांची खाली जाते. कलम 28 खाली पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास यांसाठी परवाना मिळतो. अर्ज बेळगावच्या वनविभागाकडं करा. कन्नड किंवा इंग्रजीत लिहिलात तर कागद पुढं सरकायला सोपं जातं. त्यात सहाही जणांची नावं, ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा नंबर, कुठून उतरणार, कुठं चढणार आणि तारीख लिहा. "भीमगड पाहायला" एवढंच लिहिलेला अर्ज पडून राहतो, कारण कुठल्या वनरक्षकाला तुमच्याबरोबर द्यायचं हेच त्यातून कळत नाही. परवाना हातात पडल्याशिवाय सुट्ट्या टाकू नका.

आत मुक्काम नको, चूल पेटवणं तर मुळीच नको. कोयते-कुऱ्हाडीही घरीच ठेवा, कलम 31 खाली हत्यार घेऊन आत जायला मनाई आहे.

वाट किती वेळाची हे आधी कसं काढायचं? मोबाइलवरचा नकाशा "45 मिनिटं" दाखवतो.
— एक वाचक, निपाणी

ती 45 मिनिटं सपाट रस्त्याची. घळीत त्यावर विसंबून रात्र रानात काढायची वेळ येते. दिवस मागून पुढं मोजायचा, म्हणजे आधी परतीची वेळ ठरवायची.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा मिळवा. तळेवाडी-भीमगड भागाचा जुना क्रमांक 48 आय/6. या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) 20 मीटरला एक. दोन रेषांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर दिसलं तर 25 मीटर चालीत 20 मीटर उतार. तिथं हात टेकल्याशिवाय उतरता येत नाही, पालापाचोळा असेल तर बसून घसरावं लागतं. अशी जागा नकाशावरच खोडा.

आता हिशेब. समजा, पात्रापासून गावापर्यंत 3 किलोमीटर वाट आणि 350 मीटर चढ आहे. ठोकताळा असा: 5 किलोमीटरला 1 तास, वर 600 मीटर चढाला आणखी 1 तास. म्हणजे 36 अधिक 35, साधारण 71 मिनिटं. ही एकट्या, सरावलेल्या माणसाची चांगल्या वाटेवरची वेळ. रान, काटेरी वेल आणि सहा जणांतला सगळ्यात हळू चालणारा धरून दुप्पट करा: सुमारे 2 तास 20 मिनिटं. डिसेंबरात बेळगावकडं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण घळीच्या तळात पाचलाच अंधारून येतं. पाचला गावात पोचायचं तर चुकामूक आणि लचकलेला पाय यांसाठी आणखी 40 मिनिटं राखून पात्र दुपारी 2 वाजता सोडावं लागतं. धबधबा अर्ध्या तासावर असला तरी दोनला पाठ फिरवायची. हे घरी ठरवा, कारण पाण्याकाठी बसल्यावर सहांतले चार जण "अजून थोडं पुढं" म्हणतात.

सकाळी आठच्या आत रानात शिरू नका. या पट्ट्यात अस्वलांचे हल्ले पहाटे-संध्याकाळी जास्त होतात. बोलत चला, म्हणजे अस्वल आणि गवा दोघांनाही आधी कळतं. गवा वाटेवर उभा असेल तर दगड मारू नका, आल्या वाटेनं मागं सरा आणि त्याला जागा द्या. आठला निघून साधारण दहाला पात्रात पोचलात तर हाती चार तास राहतात. पात्रातले धोंडे शेवाळलेले असतात, तिथं ताशी एक किलोमीटरच्या पुढं कुणी जात नाही. म्हणून घळीत वर-खाली मिळून तीन किलोमीटर, त्याहून जास्त ठरवू नका.

एक सावधगिरी नकाशावर दिसत नाही. वरच्या सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या, कडा जांभ्याच्या असतात. खालचा मऊ थर पावसानं खचतो आणि वर टोपीसारखी पोकळ कड उरते. फोटोसाठी टोकाला जाऊ नका, कडेपासून दोन माणसांच्या उंचीइतकं लांब थांबा.

घरी एक कागद ठेवून जा: नावं, गाडीचा नंबर, उतरायची-चढायची जागा, वनखात्याचा फोन आणि "संध्याकाळी 7 पर्यंत फोन नाही आला तर 112 ला कळवा" ही ओळ. घळीत रेंज नसते, म्हणून शोध बाहेरच्या माणसानंच सुरू करायचा असतो.

एप्रिल-मेमध्ये पाणी कमी असतं, तेव्हा उतरणं जास्त सुरक्षित नाही का?
— एक वाचक, खानापूर

पात्र कोरडं दिसतं, म्हणूनच फसायला होतं. वळवाचा पाऊस दुपारनंतर वरच्या डोंगरावर कोसळतो आणि घळीत ऊन असतानाही पाणी चढतं. अरुंद खडकात त्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते उंच होतं आणि वेगानं येतं. आधी स्वच्छ पाणी गढूळ होतं, मग पानं-काटक्या वाहत येतात, आणि वरून न थांबणारी घरघर ऐकू येते. यातलं एक जरी दिसलं तरी सामान सोडून कड चढा. पात्रातून पुढं पळू नका, पाणी माणसापेक्षा जोरात धावतं. उतरताना दर दोनशे पावलांवर "इथून वर चढता येईल" अशी जागा बघून ठेवा. जिथं दोन्ही बाजूंना उभा खडक आहे, तिथं जेवायला बसू नका.

शिवाय त्या महिन्यांत वणव्याची भीती असते, आणि अशा दिवसांत वनखातं वाटा बंद ठेवतं. पावसाळ्यात जायचंच नाही. नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारी हा काळ धरा.

पिण्याच्या पाण्याचं काय? झऱ्याचं चालतं का?
— एक वाचक, चिक्कोडी

माणशी 3 लिटर बरोबर न्या. झऱ्याचं घ्यावंच लागलं तर कापडातून गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गाळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्च होतं. घाम फार आला तर 1 लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं साखर सपाट 6 चमचे, मीठ अर्धा चमचा.

माकडतापाची भीती वाटते. काय काळजी घ्यायची?
— एक वाचक भगिनी, हल्याळ

भीती रास्त आहे. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर रानात ओळखला गेलेला हा आजार सत्तरी आणि दोडामार्गातही आलेला आहे. तो गोचिडीच्या पिल्लांमुळं लागतो. डोळ्याला जेमतेम दिसणारी ही पिल्लं साधारण नोव्हेंबर ते मे या काळात पाल्यात असतात. म्हणजे फिरायचा हंगाम आणि त्यांचा हंगाम एकच. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजार मोज्यांत खोचा, पाल्यावर थेट बसू नका. आरोग्य खातं देतं ते गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल मिळालं तर उघड्या अंगाला लावा. परतल्यावर गरम पाणी-साबणानं आंघोळ, कपडे गरम पाण्यात. काखा, जांघा, कानामागं तपासा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडी, चुना काही नको, त्यानं ती आतलं अंगात सोडते. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.

साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक थंडीताप आला, डोकं-अंग फुटू लागलं, तर डॉक्टरांना आधी "रानात गेले होते" हे सांगा. या तापात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन घेऊ नका. पॅरासिटामॉल चालतं.

बारापेडेच्या गुहा वाटेत पाहता येतील का?
— एक वाचक, बेळगाव

नाही, आणि परवान्यात मागूही नका. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ 1913 साली याच गुहांमधून जगाला माहीत झालं, आणि अजूनही ते फार थोड्या ठिकाणीच आढळतं. टॉर्चच्या उजेडानं आणि आवाजानं ती बिथरून उडतात, आईला बिलगलेली पिल्लं खाली पडतात. आतल्या विष्ठेची धूळ माणसाच्या फुप्फुसालाही बाधू शकते.