चाकावरची काळी भुकटी: वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपला की लोक गाडी नीट धुवायला घेतात आणि मग चाकांविषयीचे प्रश्न येऊ लागतात. यावेळचे बहुतेक प्रश्न ब्रेकच्या भुकटीचे आहेत. कोल्हापूरच्या वाचकाचा प्रश्न मात्र घाईचा आहे. ज्यांच्या गाडीचं एकच चाक काळं पडतंय, त्यांनी तो आधी वाचावा.

वर्षभरापूर्वी हॅचबॅक घेतली. पुढची चाकं धुतली की आठवड्याच्या आत काळपट होतात, मागची स्वच्छ राहतात. पुढचे ब्रेक खराब आहेत का? (पुणे)

नाही. तुमच्या गाडीला बहुधा पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी) आणि मागे ड्रम (बंद डब्यासारखा) ब्रेक असतील. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचे ब्रेक करतात. पॅड, म्हणजे डिस्कला दाबून धरणारा तुकडा, बिडाच्या डिस्कवर घासलं की दोन्ही झिजतात. ती झीज हीच तुमची काळी भुकटी. डिस्क उघडी असल्याने भुकटी थेट रिमवर उडते. सिग्नलला थांबत-निघत चालणारी शहरातली गाडी हायवेवरच्या गाडीपेक्षा जास्त काळी होते, तेही याच कारणाने.

मागचे ब्रेक भुकटी करत नाहीत असं मात्र नाही. ती ड्रमच्या आत साठते. सर्व्हिसिंगला ड्रम उघडला की हवेच्या पाइपने ती उडवून देण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये आहे. ती बंद करायला सांगा. ही भुकटी इतकी बारीक असते की श्वासावाटे खोल फुफ्फुसात जाते, आणि जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तरात, तर फुफ्फुसांना घातक ॲसबेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनर मारून ड्रम साफ करता येतो. मेकॅनिकच्या अंगावर ती धूळ उडू न देणं ही गाडीमालकाचीही जबाबदारी आहे.

चंदेरी अलॉयवर केशरी-तपकिरी बारीक ठिपके आलेत. शाम्पूने, ब्रशने घासूनही जात नाहीत. अलॉय तर गंजत नाही ना? (रत्नागिरी)

अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याला तपकिरी गंज चढत नाही. गंजतंय ते रिमवर चिकटलेलं लोखंड. ब्रेक लागताना डिस्कमधून आणि पॅडमधून सुटणारे लोखंडाचे कण तापलेले असतात. ते रिमवरच्या लॅकरच्या पारदर्शक थरावर आपटून तिथेच रुततात. त्यांना समुद्राकाठची दमट, खारी हवा मिळाली की ते गंजतात, आणि गंजताना फुगतात. कण फुगला की त्याच्याभोवतीचं लॅकर उचकटतं. म्हणून हे ठिपके नुसते दिसायला वाईट नाहीत. तुम्ही ते वेळीच पाहिलेत हे बरं झालं.

शाम्पू सुटा मळ उचलतो, रुतलेलं लोखंड त्याला हलत नाही. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचं द्रावण मिळतं. त्यात थायोग्लायकोलेट प्रकारचा क्षार असतो. तो लोखंडाशी संयोग करून ते पाण्यात विरघळेल असं करतो, आणि तसं होताना जांभळा रंग येतो. वास सडक्या अंड्यासारखा येतो. त्याला इलाज नाही, पण काम मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून करा.

चाक पूर्ण गार हवं आणि सावलीत हवं. आधी पाण्याचा जोरदार फवारा आणि शाम्पूने सुटा चिखल, वाळू काढा. वाळू असताना ब्रश फिरवला तर चरे पडतात. मग एकाच चाकावर द्रावण मारा, तीन-चार मिनिटं थांबा, मऊ ब्रशने आऱ्यांच्या कडा आणि नटांच्या खोबणी हलवा आणि भरपूर पाण्याने धुवा. द्रावण सुकू मात्र द्यायचं नाही, नाहीतर डाग पडतो. चारही चाकांवर एकदम मारून पहिल्यापासून घासायला बसलात, तर चौथ्याचं हमखास वाळतं. रंग पुन्हा जांभळा येत असेल तर दुसऱ्यांदा मारा. काळा चिकट ठिपका आहे आणि रंग अजिबात बदलत नाही, असं असेल तर ते लोखंड नाही, रस्त्याचं डांबर आहे. त्याला टार रिमूव्हर लागेल.

शेवटी हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रिमवरून बोटं फिरवा. नुसत्या बोटाला न कळणारा खरखरीतपणा पिशवीतून कळतो. तरीही केशरी ठिपका दिसत असेल आणि बोटाला मात्र गुळगुळीत लागत असेल, तर डाग लॅकरमध्ये खोल गेलाय. तो घासून जाणार नाही, तिथे रिमला रंग देणाऱ्याकडेच जावं लागेल.

वॉशिंग सेंटरवाल्याने 'ॲसिड मारतो, नवीन दिसतील' म्हणून चाकं चकाचक करून दिली. दोन महिन्यांत कडांना पांढुरके पट्टे आले. आता काय? (ठाणे)

असे प्रश्न सातत्याने येतात आणि दरवेळी मनापासून वाईट वाटतं, कारण हे नुकसान पूर्ण टाळता येण्यासारखं असतं.

तुमची चाकं डायमंड कट असावीत. त्यांचा दर्शनी भाग यंत्रावर कापून चमकवलेला उघडा ॲल्युमिनियम असतो आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. दगड लागून किंवा फुटपाथला घासून त्या थराला कुठे तरी भेग पडलेली असते. ॲसिड तिथून आत शिरतं, ॲल्युमिनियमवर पांढरा क्षार तयार होतो आणि तो लॅकरच्या खालून पसरत जातो. वरून पॉलिश केल्याने तो थांबत नाही. लॅकर काढून दर्शनी भाग लेथवर पुन्हा कापायचा आणि नव्याने लॅकर चढवायचं, किंवा पूर्ण चाक एकाच रंगात पावडर कोटिंग करून घ्यायचं, हे दोन मार्ग. कापताना प्रत्येक वेळी धातू कमी होतो, म्हणून ते वारंवार करता येत नाही. किनारपट्टीला गाडी असेल तर मी पावडर कोटिंग सुचवेन. झळाळी जाते, पण ते टिकतं.

ॲसिड म्हणजे काय हे त्या वॉशिंग सेंटरमधल्या पोऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. कुठे संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चाक झटकन उजळवणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा ॲमोनियम बायफ्लोराइड असतं, आणि ते माणसाला घातक आहे. पातळ असेल तर लगेच आग होत नाही, काही तासांनी दुखायला लागतं. तोवर ते कातडीखाली शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. हाताला लागलं तर खूप वेळ वाहत्या पाण्याखाली धरून थेट दवाखान्यात जायचं आणि कोणतं द्रावण होतं ते डॉक्टरांना सांगायचं. आपल्या चाकाच्या चमकेसाठी उघड्या हातांनी कुणी ते चोळत असेल, तर त्याला थांबवा.

कॉस्टिकवाले कडक क्लीनरही तितकेच टाळा. ॲल्युमिनियमला ॲसिड चालत नाही आणि तीव्र अल्कलीही चालत नाही. बाटलीवर पीएच तटस्थ (ना ॲसिड, ना अल्कली) असं लिहिलेलंच घ्या.

उजवं पुढचं चाक डाव्यापेक्षा खूप काळं होतं. धुतलं तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. कोणता क्लीनर वापरू? (कोल्हापूर)

क्लीनर बाजूला ठेवा आणि गाडी गॅरेजला न्या, याच आठवड्यात.

एका धुरेवरची दोन्ही चाकं साधारण सारखीच काळी व्हायला हवीत. एक जास्त काळं होत असेल तर तिथलं पॅड डिस्कला घासत राहतंय अशी दाट शक्यता आहे. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना ग्रीस सुकून जाम झाल्या असतील, किंवा पिस्टन परत मागे येत नसेल. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबल्यावर दोन्ही चाकांजवळ तळहात न्या, पण धातूला स्पर्श करू नका. एकाची धग स्पष्ट जास्त लागली, जळका वास आला किंवा गाडी एका बाजूला ओढत असली, तर निदान जवळपास झालंच. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं हे छोटं काम आहे. दुर्लक्ष केलं तर पॅड, डिस्क आणि शेवटी बेअरिंगपर्यंत खर्च जातो.

उलटही लक्षात ठेवा. एक चाक संशयास्पद स्वच्छ राहत असेल, तर तिथला ब्रेक लागतच नसेल. आणि रिमच्या आतल्या बाजूला कोरड्या भुकटीऐवजी ओला, तेलकट काळा थर दिसला, तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळत असेल. मग गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

रोज पसरणी घाट चढ-उतार करतो. चाकं काळी होऊ नयेत म्हणून कोटिंग करू की सिरॅमिक पॅड टाकू? (वाई)

दोन्हींआधी गिअर. घाट उतरताना जो गिअर चढायला लागतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन गाडी धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की भुकटी तर वाढतेच, शिवाय ब्रेक तापून पकड सुटण्याचा धोका असतो. वळणाआधी नीट दाबा आणि सोडा.

सिरॅमिक पॅडची भुकटी कमी आणि फिकट रंगाची असते, रिमला कमी चिकटते. पण तुमच्या मॉडेलसाठी बनवलेले आणि खात्रीच्या कंपनीचेच घ्या. नुसत्या स्वच्छ रिमसाठी भलतेच पॅड बसवू नका, थांबण्याचं अंतर जास्त महत्त्वाचं आहे. डिस्क आणि रिमच्या मध्ये बसवायच्या धूळरोधक तबकड्याही मिळतात. घाटात त्या अजिबात नकोत, ब्रेकला गार करणारी हवाच त्या अडवतात.

कोटिंगने भुकटी यायची थांबत नाही, ती घट्ट चिकटायची थांबते. साधं वॅक्स चाकाच्या उष्णतेत काही आठवडेच टिकतं. सीलंट काही महिने जातं. सिरॅमिक कोटिंग नीट लावलं तर वर्षभर किंवा जास्त. कोणतंही लावण्याआधी रुतलेलं लोखंड काढलंच पाहिजे, नाहीतर ते कोटिंगखाली बंद होतं. आणि यातलं काहीही, टायर चमकवायचं तेलही, डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर उडू देऊ नका.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि घरासमोर गाडी धुता येत नाही. चाकं कशी जपावीत? (म्युनिक)

तुमच्याकडे हिवाळी आणि उन्हाळी टायर बदलताना चाकं वर्षातून दोनदा निघतात, तेव्हा आतली बाजूही साफ करून कोटिंग करता येते. आमच्याकडे पंक्चर झाल्याशिवाय ती बाजू कुणी पाहत नाही. काढलेला संच कोरडा करून, कोटिंग लावून मगच तळघरात ठेवा. हिवाळ्यात तर दर एक-दोन आठवड्यांनी सेल्फ-सर्व्हिस धुलाई केंद्रात साध्या पाण्याने मीठ उडवलं तरी खूप फरक पडतो. प्रेशर वॉशरचं नोझल टायरच्या भिंतीपासून फूटभर लांब धरा.

युरोपातल्या गाड्यांचे पॅड जोरात पकडतात आणि भुकटीही जास्त करतात. युरो ७ या युरोपीय संघाच्या वाहन-प्रदूषण नियमांत आता ब्रेकच्या कणांनाही मर्यादा आली आहे. साध्या प्रवासी गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विजेवरच्या गाडीला ३. नोव्हेंबर २०२६ पासून नव्या मॉडेलना ते लागू होतंय. गाडीतून हवेत जाणारं सगळं सायलेन्सरमधूनच जात नाही, हे कायद्यात आलं याचा मला मोठा आनंद आहे.

इलेक्ट्रिक गाडी आहे. चाकं स्वच्छच राहतात, मग काही करायला नको ना? (नागपूर)

चाकं नको, डिस्क पाहा. मोटरच गाडी मंदावते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज साचत जातो. अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, रिजनरेशन (मोटरने गाडी मंदावणं) कमीत कमी ठेवून चार-पाच वेळा ब्रेक नीट दाबा. हे कुठल्याही गाडीला धुतल्यानंतर लागू आहे. ओली डिस्क रात्रभर तशीच उभी केली की सकाळी तांबूस होते, म्हणून धुऊन झाल्यावर गल्लीत एक फेरी मारून ब्रेक कोरडे करा आणि मगच गाडी लावा.