परदेशी अधिकाऱ्यांसाठी काम करायचंय? मग अकाउंटिंग सोडू नका

नमस्कार ताई,

तुमचं पत्र सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबेल. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही अमेरिकेत, कॅन्सस सिटीच्या परिसरात राहता. फोर्ट लेव्हनवर्थ या लष्करी तळावरच्या कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेजात शिकायला आलेल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या एका मेजरच्या कुटुंबाचे तुम्ही वर्षभर स्पॉन्सर, म्हणजे स्थानिक मदतनीस कुटुंब होतात. तळावरचं एक लष्करी कुटुंब, लेव्हनवर्थ गावातलं एक आणि तुमचं, अशी तीन घरं त्यांच्या पाठीशी उभी होती. त्यात सगळ्यांत जास्त धावपळ केली ती तुमच्या लेकीने. ती तिथेच जन्मलेली, अकाउंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आता म्हणते की विषय बदलून इंटरनॅशनल स्टडीज घेते, मला हेच काम करायचंय. तुमचे तीन प्रश्न आहेत: हे करिअर आहे का, आपले सगळे नातेवाईक भारतात असताना तिला अशी सरकारी नोकरी मिळेल का, आणि परक्या सैन्यांतल्या माणसांमध्ये वावरणं सुरक्षित आहे का.

स्पॉन्सर होणं हे करिअर नाही. ते पूर्णपणे स्वेच्छेचं, बिनपगारी काम आहे आणि तसंच राहायला हवं. त्या मेजरच्या बायकोने तुमच्या लेकीला मनातलं सांगितलं, कारण समोरची मुलगी पगारासाठी आलेली नव्हती. पण स्पॉन्सर कुटुंबांना माणसं जोडून देणारं, त्या अधिकाऱ्याच्या कागदांपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळ्याची जबाबदारी घेणारं एक ऑफिस असतं, आणि तिथे पगारी माणसं असतात. अमेरिकेत जिथे जिथे परदेशी लष्करी विद्यार्थी येतात, तिथे हे इंटरनॅशनल मिलिटरी स्टुडंट ऑफिस आहे. लेव्हनवर्थ, कार्लाइलचं आर्मी वॉर कॉलेज, न्यूपोर्टचं नेव्हल वॉर कॉलेज, अलाबामातला मॅक्सवेल हवाई तळ, सगळीकडे. तिला हवं असलेलं करिअर या ऑफिसात आणि त्याच्या मागच्या यंत्रणेत आहे.

तिने वर्षभरात काय काय केलं हे तुम्ही लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं. घर भाड्याने घेताना क्रेडिट हिस्ट्री नाही म्हणून अडलं, तेव्हा तिने घरमालकाला अधिकाऱ्याचे कागद दाखवून समजावलं. मुलांची लसीकरणाची पत्रकं फ्रेंचमध्ये होती, ती शाळेच्या नर्सला समजतील अशी करून घेतली. लायसन्स, गाडीचा विमा, बँक झाली. आणि ऑक्टोबरनंतर तिच्या लक्षात आलं की मेजरसाहेब खूश आहेत, पण त्यांची पत्नी घराबाहेर पडत नाही.

हे शेवटचं तिने ओळखलं, यासाठी तिचं मनापासून कौतुक वाटतं. अधिकाऱ्याचा दिवस आखलेला असतो. सोळाएक जणांचा स्टाफ ग्रुप, त्यात एखाददुसरा परदेशी, रोजचं वाचन, चर्चा, नकाशावरचे सराव. पहिल्याच आठवड्यात त्याला ओळख मिळते, दर्जा मिळतो. त्याची पत्नी मात्र स्वतःच्या देशात फार्मासिस्ट होती, आणि इथे दहा महिने तिला ना नोकरी, ना भाषा, ना गाडी चालवायचा धीर. अभ्यासक्रम त्याचा असतो, पण ते वर्ष यशस्वी होणार की नाही हे बऱ्याचदा घरात ठरतं. घरी सगळं विस्कटलेलं असेल तर माणूस वर्गात कितीही हुशार असो, त्याचं लक्ष लागत नाही. चांगली ऑफिसं हे जाणतात. पत्नींसाठी इंग्रजीचे वर्ग, एकत्र सहली, मुलांना शाळेत सोबत देणारी घरं, हे सगळं त्यातूनच आलं. तुमच्या लेकीला हे कुणी शिकवलं नव्हतं. हा गुण नोकरीच्या जाहिरातीत छापलेला नसतो, पण त्याशिवाय हे काम नीट होत नाही.

आता यातली कोरडी बाजू, जी तिने अजून पाहिलेली नाही.

ते कुटुंब अमेरिकेत आलं ते एका कागदाच्या आधाराने. त्याला इन्व्हिटेशनल ट्रॅव्हल ऑर्डर म्हणतात, बोलताना आयटीओ. अधिकारी कोणता कोर्स करणार, किती दिवस, कुटुंब आणायची परवानगी आहे का, भत्ता कोण देणार, औषधोपचाराचा खर्च कुणाकडे, कुटुंबाच्या आरोग्यविम्याचं काय, हे सगळं त्यात असतं. त्या ऑफिसातल्या माणसाचा दिवस आयटीओ वाचण्यात जातो. मूल आजारी पडलं तर स्पॉन्सर दवाखान्यात घेऊन जातो. बिल आल्यावर ते कुणी भरायचं हे ऑफिसला आयटीओ उघडून सांगावं लागतं.

आणि पैसा दोन वाटांनी येतो. एक आयमेट, म्हणजे इंटरनॅशनल मिलिटरी एज्युकेशन अँड ट्रेनिंग. हा कार्यक्रम १९७६ च्या कायद्याने उभा राहिला. त्याचा निधी परराष्ट्र खात्याकडे येतो आणि तो राबवतं संरक्षण खातं. दुसरी वाट फॉरेन मिलिटरी सेल्सची, म्हणजे तो देश स्वतः पैसे भरून कोर्समधली जागा विकत घेतो. अशा प्रत्येक व्यवहाराला 'केस' म्हणतात. तिची किंमत ठरते, हप्ते ठरतात, हिशेब जुळवावा लागतो, केस बंद करावी लागते. हे वर्षानुवर्षं चालणारं हिशेबाचं काम आहे. संरक्षण खात्याची डिफेन्स सिक्युरिटी कोऑपरेशन एजन्सी, तिन्ही दलांची प्रशिक्षण कार्यालयं, इंडियानापोलिसचं संरक्षण हिशेब कार्यालय, सगळीकडे या केसेस सांभाळणारी माणसं लागतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तिने अकाउंटिंग सोडू नये. इंटरनॅशनल स्टडीजची पदवी घेऊन या दारात उभे राहणारे पुष्कळ असतात. हिशेब येतो, एका परक्या कुटुंबाबरोबर वर्ष काढलंय आणि फ्रेंच वाचता येतं, असे फार थोडे. विषय बदलून ती गर्दीत जाईल. तिने फ्रेंच पुढे न्यावं. शाळेत दोन वर्षं केलंय म्हणता, तेवढ्यावर भागणार नाही. निदान अधिकृत पत्र वाचून उत्तर देता आलं पाहिजे. लॉरेन्सचं कॅन्सस विद्यापीठ भाषांच्या बाबतीत भक्कम आहे, त्याचा उपयोग करावा. सरकारी सेवेत यायची खरी इच्छा असेल तर बोरेन शिष्यवृत्ती पाहावी. परदेशात राहून भाषा शिकायला पैसे मिळतात, बदल्यात केंद्र सरकारच्या सुरक्षेशी संबंधित कामात किमान एक वर्ष सेवा द्यावी लागते.

अकाउंटिंग ठेवायचं आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या नागरी नोकऱ्यांचा भरवसा पूर्वीसारखा नाही. २० जानेवारी २०२५ रोजी भरतीवर स्थगिती आली, तेव्हा कितीतरी मुलामुलींचे अर्ज अडकले. हातात सीपीएकडे (अमेरिकेतल्या सीएकडे) जाणारी पदवी असेल तर अशी दोन वर्षं बाहेर कुठेही काढता येतात.

नातेवाइकांबद्दल. ती जन्माने अमेरिकन नागरिक आहे, त्यामुळे मुख्य अट पूर्ण होते. यातल्या बऱ्याच पदांना सुरक्षा तपासणी लागते, आणि त्यासाठी एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म असतो. त्यात आधीचे पत्ते, गेल्या सात वर्षांतले जवळचे परदेशी संबंध आणि परदेश प्रवास विचारतात. आजी-आजोबा, मावशी भारतात आहेत म्हणून कुणाला आपोआप नाकारत नाहीत. नाकारतात ते लपवलं म्हणून. यात तिने आणखी एक लक्षात घ्यावं: तो मेजर आणि त्याची पत्नी हेही आता तिचे परदेशी संबंध आहेत. व्हॉट्सॲपवर दर रविवारी बोलते असं तुम्ही लिहिलंय. खुशाल बोलावं. फक्त आजपासून एक वही ठेवावी: नाव, देश, हुद्दा, ओळख कधी झाली, किती वेळा बोलणं होतं, भेटवस्तू दिली-घेतली असेल तर ती. पाच वर्षांनी फॉर्म भरताना आठवून लिहायला गेलं की चुका होतात, आणि तिथे चूक आणि लपवाछपवी यांतला फरक पटवून देणं अवघड जातं. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असेल तर तेही उघडपणे सांगावं.

सुरक्षेचा प्रश्न तुम्ही जरा संकोचाने विचारलात. संकोच करू नका. ६ डिसेंबर २०१९ रोजी फ्लोरिडातल्या पेन्साकोला नौदल तळावर सौदी अरेबियाच्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याने गोळीबार केला, तिघे नौसैनिक गेले. त्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांची छाननी कडक झाली, त्यांच्यावर बंदुका बाळगायला निर्बंध आले. दरवर्षी हजारो अधिकारी येऊन शिकून परत जातात, त्यात असा प्रसंग अपवादच. पण त्यातून स्पॉन्सर घरांनी एक घ्यावं: काही खटकलं, कुणी फार एकटं पडतंय, चिडतंय, विचित्र बोलतंय असं दिसलं, तर मैत्रीच्या भिडेपोटी गप्प न राहता ऑफिसला सांगायचं. बहुतेक वेळा त्यातून त्या माणसाला मदतच मिळते. तसंच स्वतःच्या मर्यादाही पाळायच्या. पैसे उसने देऊ नयेत, घराच्या करारावर जामीन म्हणून सही करू नये. तुम्ही त्यांना सही नाकारलीत आणि नंतर वाईट वाटलं असं लिहिलंय; तुमचं बरोबर होतं.

आणि एक मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तिच्याशी बोलायला हवा. हे काम आतिथ्याचं दिसलं तरी ते परराष्ट्र धोरण आहे. लेव्हनवर्थला पहिला परदेशी अधिकारी १८९४ मध्ये स्वित्झर्लंडहून आला. आयझेनहॉवर १९२६ मध्ये त्याच कॉलेजात वर्गात पहिले आले, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ मध्ये त्यांनीच 'पीपल टू पीपल' हा देशादेशांतल्या सामान्य माणसांना जोडणारा उपक्रम सुरू केला, कारण देशांमधलं शहाणपण फक्त सरकारांवर सोडून चालत नाही असं त्यांना वाटत होतं. त्याच वर्गांत इंडोनेशियाचे सुसिलो बांबांग युधोयोनो शिकले, जे पुढे थेट निवडणुकीने अध्यक्ष झाले. जनरल बिपिन रावत शिकले. आणि पाकिस्तानचे झिया-उल-हकही शिकले, ज्यांनी १९७७ मध्ये निवडून आलेलं सरकार उलथवलं. आपण ज्या घराला थंडीचे कोट मिळवून दिले त्या घरातला माणूस पुढे कसा वागेल, हे आपल्या हातात नसतं.

दुसऱ्या बाजूने, दार बंद केल्याचीही किंमत असते. १९९० मध्ये प्रेसलर दुरुस्तीमुळे, म्हणजे अण्वस्त्रांच्या कारणावरून पाकिस्तानची मदत रोखणाऱ्या अमेरिकी कायद्यामुळे, पाकिस्तानी अधिकाऱ्यांचं हे शिक्षण थांबलं, आणि एक अख्खी पिढी अमेरिकी अधिकाऱ्यांना न ओळखता वर चढली. दोन्ही बाजूंच्या लोकांना हे पुढे बोचलं. लष्कराने निवडून आलेलं सरकार पाडलं की अमेरिकी कायद्याने मदतीवर निर्बंध येतात, आणि त्यात या जागाही अडकतात. पश्चिम आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत हे वारंवार घडलं आहे. ऑफिसात बसल्यावर एखाद्या ओळखीच्या कुटुंबाला हे समजावून सांगायची वेळ तिच्यावर येऊ शकते. ते जमेल का, आणि जमवायची इच्छा आहे का, हे तिने स्वतःला विचारावं. उत्तर 'हो' असेल तर माझ्या मते ती या कामासाठी योग्य आहे.

बाकीच्या वाटा थोडक्यात. माणसांना शिकवायची ओढ जास्त असेल तर टेक्सासमधल्या लॅकलँड तळावर डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूटचं इंग्रजी केंद्र आहे. परदेशी अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवतात, त्यासाठी भाषा शिकवण्याचं वेगळं शिक्षण लागेल. लष्कर नकोसं वाटलं तर कुठल्याही विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आहे. व्हिसा वेगळा, नियम वेगळे, पहिल्या आठवड्यातली धांदल तीच. सुरक्षा सहकार्याचं प्रशिक्षण डिफेन्स सिक्युरिटी कोऑपरेशन युनिव्हर्सिटी देते, तिची ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरची शाखा या क्षेत्रातल्या लोकांच्या तोंडी सतत असते. पण ते नोकरी लागल्यावरचं, आत्ता त्याचा विचार नको.

कॉलेजचा वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतो, परदेशी कुटुंबं त्याआधी उन्हाळ्यातच येतात. या वर्षीही तुम्ही स्पॉन्सर होणार असाल तर विमानतळावर आणायला तुम्ही जा, आणि लेकीला तळावरच्या ऑफिसात पाठवा. सरळ विचारायचं: उन्हाळ्यात आठवड्याला काही तास विनामोबदला काम करू का? फायली लावणं, शाळांना फोन, येणाऱ्यांच्या याद्या तपासणं, जे देतील ते. परवानगी मिळाली नाही तर तिथे काम करणाऱ्या एखाद्या माणसाचा अर्धा तास मागावा आणि दिवसभर नेमकं काय करता हे ऐकावं. विषय बदलायचा अर्ज तोवर भरू देऊ नका. सप्टेंबरमध्ये मला पुन्हा लिहा, आणि या वेळी पत्र तिने लिहिलं तर जास्त बरं.