अठरा मीटरच्या खुणा

प्रश्न : जुलैत रिमझिम पावसात पलासियाकडून घरी येत होतो, वेग 40. गल्लीतून स्कूटर 15 मीटरवर आडवी आली. ब्रेक दाबूनही धडक झाली, स्वाराच्या पायाचं हाड मोडलं. चालानात, म्हणजे पोलिसांच्या आरोपपत्रात, माझा बेदरकारपणा लिहिलाय, टायरच्या खुणा 18 मीटर. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने गणित करून दाखवलं, की गाडी थांबणं शक्यच नव्हतं. तो कागद कोर्टात चालेल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : मुलाचं गणित मी करून पाहिलं. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. स्कूटर दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर 11 मीटर त्यातच गेले. उरलेल्या 4 मीटरांत कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबत नाही, तिला 9 तरी लागतात. इथवर तो बरोबर आहे.

पण कागद दाखल करायची घाई करू नका. हेच सूत्र उलटं लावलं, तर कोरड्या रस्त्यावर 18 मीटर घसरून थांबलेल्या गाडीचा वेग 57च्या आसपास निघतो. सरकारी वकील नेमकं तिथेच बोट ठेवतील. ओल्या रस्त्यावर पकड बरीच कमी होते. ती निम्म्याहून थोडी जास्त धरली तर त्याच खुणा 43 सांगतात. म्हणजे तुमचा सगळा बचाव पावसावर उभा आहे! नक्शा-मौक्यात, म्हणजे पोलिसांनी काढलेल्या घटनास्थळाच्या नकाशात, रस्ता ओला असल्याची नोंद आहे का, ते आधी बघा. नसेल तर आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आजच मागा, ते फार दिवस राहत नाही. ते सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागेल. खुणा तुमच्याच गाडीच्या आहेत का, हेही तपासा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी सहसा ठळक खुणा सोडत नाही.

मुलाचा कागद स्वतः पुरावा होत नाही. साक्ष अधिनियमाच्याच कलम 39खाली तज्ज्ञाचं मत आणावं लागेल आणि त्या तज्ज्ञाची उलटतपासणी होईल.

हाड मोडणं ही गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 125मध्ये तिला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हा जामीनपात्र आहे. धडक टळणारी नव्हती हे पटलं, तरी पावसात गल्लीच्या तोंडाशी 40चा वेग योग्य होता का, हे न्यायाधीश विचारणारच. त्याचं उत्तर सूत्रात नाही. तिथली रहदारी, उजेड, तुम्ही हॉर्न दिला का, हे सगळं आठवून आत्ताच लिहून काढा.

भरपाईचा दावा वेगळा चालेल. त्यात स्कूटरस्वाराची चूकही मोजली जाते. नोटीस येताच विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.