जेसिका हंटली यांनी राजकारण सोडलं नव्हतं

प्रश्न असा आहे की, मायदेशात चळवळ करणारी समाजवादी, स्त्रीवादी बाई परदेशात जाऊन पुस्तकं विकू लागली, म्हणजे तिने राजकारण सोडलंच ना? मुळीच नाही. जेसिका हंटली यांचंच बघा.

जन्म १९२७, दक्षिण अमेरिकेतली वसाहत ब्रिटिश गयाना (आजचं गयाना). १९५३ साली तिथे निवडून आलेलं छेदी जगन यांचं डावं सरकार ब्रिटिशांनी १३३ दिवसांत घालवलं. त्याच वर्षी छेदी जगन यांच्या पत्नी जॅनेट जगन यांच्यासोबत जेसिकाबाईंनी स्त्रियांची राजकीय संघटना उभी केली. १९५८ मध्ये त्या लंडनला आल्या.

ऑक्टोबर १९६८ मध्ये इतिहासकार वॉल्टर रॉडनी कॅनडातल्या परिषदेहून जमैकाला परतले, तर सरकारने त्यांना विमानातून उतरूच दिलं नाही. ते जमैकातल्या विद्यापीठात शिकवायचे आणि वस्त्यांमध्ये जाऊन गरिबांशी बोलायचे, हीच सरकारची अडचण. लंडनमध्ये निषेध झाला. पण निषेधाचं पत्रक चार दिवसांत विसरलं जातं. म्हणून जेसिका आणि त्यांचे पती एरिक यांनी मित्रांकडून पैसे जमवले आणि १९६९ मध्ये रॉडनींची भाषणं पुस्तकरूपात काढली. प्रकाशनाला नाव दिलं बोगल-लुव्हर्त्यूर. पॉल बोगल जमैकाचे, तुसाँ लुव्हर्त्यूर हैतीचे, दोघेही बंडाचे नेते.

आधी सगळा कारभार घरातूनच चालायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर वेस्ट ईलिंगमध्ये दुकान झालं. या प्रकाशनाने काय काढलं तेही बघण्यासारखं आहे. मुलांना आपल्या आफ्रिकी मुळांची ओळख करून देणारं रंगवण्याचं पुस्तक होतं, जमैकन बोलीतल्या व्हॅलेरी ब्लूम यांच्या कविता होत्या. शाळेत आणि इतर दुकानांत काळ्या पोरांना स्वतःचा चेहरा क्वचितच दिसायचा, तेव्हाची ही गोष्ट. मला तरी हे काम सभेतल्या भाषणाइतकंच राजकीय वाटतं.

वर्णद्वेष्ट्यांनाही ते तसंच वाटलं असणार. १९७७ च्या सुमारास लंडनमधल्या अशा दुकानांवर हल्ले झाले, भिंतींवर घाणेरड्या घोषणा रंगवल्या गेल्या. दुकानदारांनी एकत्र येऊन संयुक्त कृती समिती केली. १९८० मध्ये गयानाची राजधानी जॉर्जटाउनला बाँबस्फोटात रॉडनींचा खून झाला, तेव्हा जेसिकाबाईंनी दुकानालाच त्यांचं नाव दिलं. १९८२ पासून त्यांनी लंडनमधले प्रकाशक जॉन ला रोझ आणि इतरांबरोबर काळ्या आणि तिसऱ्या जगातल्या पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरवला. तो १९९५ पर्यंत चालला.

२०१३ मध्ये त्या गेल्या. हंटली दांपत्याची कागदपत्रं २००५ पासून लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज या अभिलेखागारात आहेत; त्याचं आताचं नाव द लंडन आर्काइव्ह्ज. या विषयावर अभ्यास करायचा असेल तर सुरुवात तिथून करा.